व्याज वाढलं की सोनं का पडतं, आणि कधी कधी का पडत नाही

आमच्याकडे सोन्याचा भाव रुपयांत सांगितला तर तो नुसता आकडा राहतो. क्विंटलात सांगितला की पोटात कालवतं. २०१३-१४ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,००० रुपये होता आणि सोनं तोळ्याला तीस हजारांच्या आसपास. साडेसात क्विंटल कापूस विकला की एक तोळा. २०२५-२६ च्या हंगामाला हमीभाव ८,११० झाला, पण सोन्यानं त्याआधीच, एप्रिल २०२५ मध्ये, लाखाचा आकडा ओलांडला होता. लाखच धरा, तरी एका तोळ्याला सव्वाबारा क्विंटलांच्या वर कापूस लागतो. कोरडवाहू रानात एकरी चार क्विंटल पिकला तर तीन एकरांचा अख्खा कापूस, तोही वेचणीची मजुरी न काढता. जुनी माणसं तर सांगतात, पन्नासेक वर्षांपूर्वी एक क्विंटल कापूस नेला की तोळाभर सोनं घेऊन घरी येता येई.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. लग्नसराईत ओळखीच्या एका मावशींसोबत सोनाराच्या दुकानात बसलो होतो. नातीच्या लग्नासाठी मोडून नवं करायचं म्हणून त्यांनी जुनी पोत आणली होती. सोनारानं आधी उठून पंखा बंद केला, मग पोत काट्यावर ठेवून काचेचं झाकण लावलं. आकडा थरथरून स्थिर होईपर्यंत दुकानात कुणी बोललं नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फळ्यावरचा सकाळचा भाव त्यानं बोटानं पुसला आणि साडेचारशेनं कमी लिहिला. का, तर अमेरिकेत व्याज इतक्यात उतरणार नाही अशी बातमी आली होती. मावशी माझ्याकडे वळल्या. "सर, अमेरिकेच्या व्याजाचा अन् माह्या पोतीचा काय संबंध हाय?"

तिथं त्यांना जे सांगितलं ते अर्धवट होतं. पूर्ण उत्तर इथं लिहितो.

भाव ठरतो कुठे

कापूस पिकवणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. आपला कापूस हिंगणघाटला विका की वणीला, व्यापारी आधी खंडीचा दर पाहतो आणि खंडीचा दर परदेशातल्या वायद्याकडे, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या भावाकडे पाहतो. सोन्याचंही तसंच आहे. फरक एवढाच की कापूस निदान आपल्या रानात पिकतो. सोनं भारतात जवळजवळ निघतच नाही, वर्षाला सातशे-आठशे टन बाहेरून आणावं लागतं.

कापसाची खंडी ३५६ किलोची, तसं सोन्याचं जागतिक माप औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम. लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजारांत औंसाचा भाव डॉलरमध्ये ठरतो. तिथून तो आपल्या सोनाराच्या फळ्यावर कसा येतो, हे एप्रिल २०२५ च्या सुमाराचे आकडे घेऊन पाहू. औंस ३,४०० डॉलरला धरा आणि डॉलर ८५ रुपयांना. गुणाकार २,८९,०००. त्याला ३१.१ नं भागलं की ग्रॅमला ९,२९३ रुपये, दहा ग्रॅमला ९२,९३० च्या जवळपास. त्यावर ६ टक्के आयात शुल्क चढलं की साडेअठ्ठ्याण्णव हजार, आणि वर ३ टक्के जीएसटी लागला की एक लाख एक हजार चारशेच्या पुढे. हा झाला लाखाचा तोळा. घडणावळ वेगळी.

(तोळ्याबद्दल एक गोष्ट इथंच सांगतो. आज सोनार दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. जुना तोळा बारा माशांचा, ९६ गुंजांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. आजीचे तीन तोळे आज काट्यावर साडेतीन भरतात ते यामुळे.)

या हिशोबात हलणारे आकडे तीनच आहेत: डॉलरमधला भाव, रुपयाची किंमत आणि सरकारी शुल्क. व्याज आणि महागाई त्यातल्या पहिल्या दोघांना हलवतात.

सोनं वीत नाही

म्हैस विते, जमीन बटईनं दिली तरी वाटा येतो, बँकेतल्या ठेवीला व्याज लागतं. सोनं दहा वर्षं पेटीत ठेवलं तरी दहा वर्षांनी तेवढंच निघतं. म्हणून सोनं धरून बसणारा माणूस प्रत्येक वर्षी काहीतरी सोडत असतो: तेच पैसे दुसरीकडे ठेवले असते तर मिळालं असतं ते व्याज. ठेवीवर तीन टक्के मिळत असतील तेव्हा हे सोडलेलं व्याज कुणाला खुपत नाही. आठ टक्के मिळायला लागले की खुपतं.

आता मावशींच्या जागी हजारो कोटींचे व्यवहार करणारे परदेशी गुंतवणूकदार आणून बसवा. त्यांच्या दृष्टीनं सर्वांत सुरक्षित ठेव म्हणजे अमेरिकी सरकारला दिलेलं कर्ज. त्याच्या कागदाला रोखे म्हणतात. या रोख्यांवर एक टक्का मिळत होता तेव्हा सोनं ठेवणं परवडत होतं. पाच टक्के मिळू लागले की त्यातले पुष्कळ जण सोनं विकून रोखे घेतात. सगळे रोख्यांकडे धावले की डॉलरची मागणी वाढते, डॉलर वधारतो, आणि डॉलरमध्ये मोजलेल्या सोन्याचा आकडा आणखी खाली येतो.

अमेरिकेतलं व्याज ठरवते तिथली मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह. बातम्यांत तिला नुसतं फेड म्हणतात. आपल्याकडे हे काम रिझर्व्ह बँक करते. ती इतर बँकांना अल्प मुदतीसाठी पैसे ज्या दरानं देते तो रेपो दर, आणि त्याच्यामागून ठेवींचे आणि कर्जांचे दर हलतात. सोन्याच्या बाबतीत मात्र आपल्या रेपोपेक्षा फेडचा निर्णय जास्त जड, कारण मूळ भाव डॉलरमध्ये आहे.

महागाई म्हणजे कणगीतले उंदीर

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. व्याज वर, सोनं खाली. पण यात महागाई आली नाही तोवर हिशोब अर्धा आहे, आणि बहुतेक बातम्या इथंच सोडून देतात.

शंभर पायल्या ज्वारी कणगीत भरली. वर्षाच्या शेवटी पाहिलं तर उंदीर आणि सोंडे मिळून पाच पायल्या खाऊन गेलेले. नोटांच्या कणगीत महागाई हेच करते. नोटा तेवढ्याच राहतात, त्यांत येणारा माल कमी होतो. बँकेनं वर्षाला सात टक्के दिले आणि उंदरांनी पाच खाल्ले, तर तुमच्या हाती दोन उरले. बँकेनं पाच दिले आणि उंदरांनी सात खाल्ले, तर पासबुकात आकडा वाढूनही तुम्ही दोनानं गरीब झालात.

व्याजातून महागाई वजा करून जे उरतं त्याला खरा व्याजदर म्हणू. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही वजाबाकी ठेवा. सोन्याची स्पर्धा वरवरच्या व्याजाशी नसते, या उरलेल्या आकड्याशी असते. खरा व्याजदर चांगला असेल तेव्हा सोनं मार खातं. तो शून्याच्या जवळ किंवा खाली गेला की माणसं म्हणतात, विणार नाही तर न विवो, निदान उंदीर तरी लागत नाहीत. आणि सोनं चढतं.

याचा सर्वांत मोठा दाखला १९७० च्या दशकातला आहे. त्याआधी औंसाला ३५ डॉलर असा भाव बांधलेला होता. १५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि भाव मोकळा झाला. पुढं तेल भडकलं, महागाई भडकली, व्याज मात्र तिच्या मागं रखडत राहिलं. जानेवारी १९८० मध्ये औंस ८५० डॉलरला गेला. तोवर पॉल व्होल्कर फेडचे प्रमुख झाले होते. त्यांनी व्याज वीस टक्क्यांच्या घरात नेलं, त्यापायी तिथले कारखाने बंद पडले, शेतकरी कर्जात बुडाले, पण महागाई मोडली. आता व्याज मोठं आणि उंदीर थोडे. सोनं असं झोपलं की १९९९ मध्ये औंस अडीचशे डॉलरच्या आसपास मिळत होता. वीस वर्षं.

उलटा दाखला आपल्या सगळ्यांच्या आठवणीतला आहे. २०२० मध्ये करोनात फेडनं व्याज शून्यापाशी आणलं. आपला रेपो दर मे महिन्यात ४ टक्क्यांवर आला. ठेवीवर जेमतेम पाच-साडेपाच टक्के मिळत होते आणि महागाई वर्षातले बहुतेक महिने सहाच्या वर होती. बँकेत पैसे ठेवणारा रोज थोडा थोडा हरत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये औंस पहिल्यांदा २,००० डॉलरच्या वर गेला आणि आपल्याकडे तोळा ५६ हजारांवर.

महागाई वाढल्याची बातमी आली अन् सोनं पडलं, हे कसं?

वर्गात पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. महागाई वाढली तर सोनं वाढायला पाहिजे ना?

सोयाबीनचं उदाहरण घ्या. ब्राझीलमध्ये पाऊस चांगला झाला, पीक भरघोस येणार अशी बातमी आली की वाशीमच्या बाजारात सोयाबीन त्याच आठवड्यात नरमते. ब्राझीलचा एक दाणाही अजून जहाजात चढलेला नसतो. बाजार आजचा माल मोजत नाही, उद्याचा अंदाज मोजतो. सोन्याचंही तेच. अमेरिकेत महागाईचा आकडा मोठा आला की बाजार पुढचं पाऊल धरून चालतो: आता फेड व्याज वाढवणार, महागाई दाबणार, खरा व्याजदर वर जाणार. म्हणून सोनं आजच विकलं जातं.

२०२२ मध्ये हेच झालं. रशियानं युक्रेनवर हल्ला केला त्यानंतर मार्चमध्ये औंस २,००० च्या वर होता. जूनचा अमेरिकी महागाईचा आकडा ९.१ टक्के आला, चाळीस वर्षांतला सर्वांत मोठा. पुस्तकातला नियम खरा असता तर सोनं उसळायला हवं होतं. पण फेडनं मार्चपासून व्याज वाढवायला घेतलं होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हती. शरद ऋतूपर्यंत औंस १,६२०-३० डॉलरपर्यंत उतरला.

"महागाईत सोनं वाढतं" हे वाक्य त्यामुळे मला अपुरं वाटतं. महागाई वाढते आणि व्याज तिच्या मागं राहतं, तेव्हा सोनं वाढतं.

मग २०२३ नंतर काय झालं?

आता खरा अवघड प्रश्न. जुलै २०२३ मध्ये फेडचा दर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर पोहोचला. अमेरिकेतली महागाई तोवर बरीच उतरली होती, म्हणजे खरा व्याजदर चांगलाच वर होता. आपल्या वजाबाकीनं सोनं पडून राहायला हवं होतं. ते पडलं नाही. २०२४ मध्ये चढलं, मार्च २०२५ मध्ये ३,००० ओलांडले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ४,०००.

वजाबाकी खोटी ठरली का? माझं मत, नाही. बाजारात एक नवं, मोठं गिऱ्हाईक उतरलं, ज्याला व्याजाशी फारसं देणंघेणं नव्हतं. ते गिऱ्हाईक म्हणजे देशोदेशींच्या मध्यवर्ती बँका. फेब्रुवारी २०२२ नंतर अमेरिका आणि युरोपनं रशियाची परदेशात ठेवलेली सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. तेव्हा बाकीच्या देशांना कळलं की दुसऱ्याच्या तिजोरीतला पैसा दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. स्वतःच्या तळघरातलं सोनं कुणी गोठवू शकत नाही. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत मध्यवर्ती बँकांनी मिळून दर वर्षी हजार टनांच्या वर सोनं घेतलं. आपली रिझर्व्ह बँकही घेत राहिली, मार्च २०२५ ला तिच्याकडे ८८० टनांच्या घरात सोनं होतं.

देशाला सोनं कशाला लागतं, हे आपल्या घरांना कुणी शिकवायला नको. १९९१ मध्ये भारताकडे आयातीचे पैसे चुकवायला जेमतेम काही आठवडे पुरेल एवढं परकी चलन उरलं होतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेनं जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून कर्ज काढलं. पेरणीच्या तोंडावर घरात बियाण्याला पैसा नसला की माय पेटी उघडते, तसंच. ते कर्ज फेडलं, सोनं मोकळं झालं. आपल्याकडे अनेक घरांत तेवढं होत नाही, त्याबद्दल शेवटी लिहितो.

सप्टेंबर २०२४ पासून फेडनं व्याज उतरवायलाही सुरुवात केली. मोठं गिऱ्हाईक बाजारात होतंच, त्यात व्याजाचा अडसरही हलला. २०२५ ची उसळी या दोन्हींमुळे आली.

"पण आपल्याकडे सोनं कधी पडतच नाही"

हे मी शंभरदा ऐकलं आहे, आणि असं वाटण्याचं कारण हिशोबातल्या दुसऱ्या आकड्यात आहे, रुपयात.

सप्टेंबर २०११ मध्ये औंस १,९०० डॉलरवर होता. डिसेंबर २०१५ मध्ये १,०५० च्या आसपास. जवळपास निम्म्यावर. आपल्याकडे त्याच काळात तोळा अठ्ठावीस हजारांवरून पंचवीस हजारांच्या आसपास आला. एवढंच. मधल्या काळात डॉलर सत्तेचाळीसच्या आसपासचा सहासष्टवर गेला होता, आणि आयात शुल्क ऑगस्ट २०१३ पर्यंत १० टक्क्यांवर नेलं होतं. सोनं पडलं होतं, पण रुपयाही पडला आणि शुल्क वाढलं, म्हणून आपल्याला पडणं दिसलं नाही.

शुल्काचा धक्का दोन्ही बाजूंनी लागतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं, आणि तोळ्याचा भाव एका दिवसात काही हजारांनी उतरला. जगात त्या दिवशी सोन्याला काहीही झालेलं नव्हतं. आदल्या आठवड्यात लग्नाचं सोनं घेऊन ठेवलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत.

आणि न पडणं म्हणजे कमावणं नव्हे. १९८० मध्ये तोळा तेराशे रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये साडेचार हजारांच्या आत. एकवीस वर्षांत साडेतीनपटही नाही. त्या काळात बँका ठेवीवर दहा-दहा, बारा-बारा टक्के देत होत्या आणि महागाईही त्या दोन दशकांत सोन्याच्या पुढे धावली. त्या एकवीस वर्षांत सोनं घेऊन बसलेला माणूस उंदरांपासूनही वाचला नाही. सोनं महागाईपासून वाचवतं हे फार लांब पल्ल्यात खरं आहे, पण आपल्याला पैसा लागतो तो मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला, जूनमधल्या पेरणीला. त्या नेमक्या वर्षी ते वाचवेलच, असं कुणी सांगू शकत नाही.

चांदीची चाल वेगळी

आपल्याकडे चांदी म्हटलं की खामगाव. रजतनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या गावची चांदी घ्यायला विदर्भाबाहेरूनही लोक येतात. जोडवे, तोरड्या, वाळे, करदोडा, गरिबाच्या घरीही यातलं काहीतरी असतं.

पण जगात निघणाऱ्या चांदीची निम्म्याहून जास्त मागणी आता कारखान्यांची आहे. तुमच्या विहिरीवर सौर पंप बसला असेल तर त्याच्या पाटीजवळ जाऊन पाहा. काळ्या-निळ्या पट्ट्यावर ज्या बारीक रुपेरी रेषा दिसतात, त्या चांदीच्या लेपाच्या असतात. वीज गोळा करून आणण्याचं काम त्यांचं.

त्यामुळे चांदीला व्याजाचा मार दोन बाजूंनी बसतो. सोन्यासारखी तीही वीत नाही, आणि व्याज वाढून कारखाने मंदावले की तिची मागणीही आटते. व्याज उतरून कारखाने चालले की ती सोन्यापेक्षा जोरात पळते. एप्रिल २०११ मध्ये औंस ४९ डॉलरच्या जवळ, २०१५ च्या शेवटी चौदाच्या खाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये पन्नासच्या वर. ज्याला दोन-तीन वर्षांत पैसा परत लागणार आहे त्यानं बचत म्हणून चांदीत मोठी रक्कम घालू नये असं मला वाटतं. तोरड्या घ्यायच्या त्या पायात घालायला.

घ्यावं की थांबावं

भाव इथून कुठं जाईल ते मला माहीत नाही, आणि जो छातीठोक सांगतो त्याच्यापासून जपा. लग्न ठरलेलं असेल तर भाव उतरण्याची वाट पाहत एकाच दिवसावर सगळं टाकू नका. कापूस विकला की थोडं, तूर विकली की थोडं, असं घेतलं तर एकाच चढ्या भावात सापडण्याची भीती कमी होते. बचतीसाठी घ्यायचं तर नाणं किंवा वेढणी बरी. दागिन्यावर दिलेले घडणावळीचे दहा-बारा टक्के मोडताना परत येत नाहीत. हॉलमार्कसोबतचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक दागिन्यावर भिंगातून पाहून घ्या, सोनार दाखवतो.

मावशींची पोत शेवटी मोडली नाही. भाव कमी म्हणून नव्हे. नातीनं ती आहे तशीच मागितली.

गहाण ठेवलेलं सोनं

आमच्या भागात सोन्याचा भाव लोकांना सर्वांत जास्त छळतो तो विकत घेताना नव्हे, गहाण टाकताना. आणि इथं वजाबाकी उलटी होते.

माझ्या आईची दोन तोळ्यांची पोत २०१३ च्या मृगात एका सावकाराकडे गेली. तीस हजार रुपये, शेकडा तीन रुपये महिना. त्या वर्षी अतिवृष्टी झाली, सोयाबीनच्या शेंगा झाडावरच काळ्या पडल्या. वडील म्हणत, "सोनं काय कमी होते का? वाढंल अजून, मंग सोडवू." सोनं वाढलं नाही. वर लिहिलं तीच ती २०११ ते २०१५ ची वर्षं. महिन्याला नऊशे रुपये व्याज मात्र थांबलं नाही. बावीस महिन्यांत व्याज १९,८०० झालं, मुद्दल धरून ४९,८००. बावीस कॅरेटच्या दोन तोळ्यांची किंमत तेव्हा एकोणपन्नास हजारांच्या आसपास होती. कर्ज पोतीपेक्षा जड झालं आणि पोत बुडाली. एप्रिल २०२५ च्या भावानं तिचे नव्वद हजारांच्या वर तोळ्याला आले असते.

शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. त्यातून सहा-सात टक्के महागाई वजा केली तरी एकोणतीस-तीस टक्के खरा व्याजदर आपण भरत असतो. आपलं सोनं वर्षामागून वर्ष त्या वेगानं वाढलं तरच ते गहाणात टिकतं, आणि तशी वर्षं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. भाव चढता असेल तेव्हा गहाणाचा धोका झाकला जातो, कारण चढत्या भावावर आणखी पैसे उचलता येतात. भाव दोन वर्षं नुसता थांबला तरी बुडायला पुरेसं असतं. पडायचीही गरज नाही.

म्हणून गहाण ठेवायचीच वेळ आली तर बँकेत जा. तिथं वर्षाला दहा-बारा टक्के म्हणजे शेकडा एक रुपया महिना किंवा त्याहून कमी. त्याच तीस हजारांना बावीस महिन्यांत साडेपाच ते साडेसहा हजारांच्या आसपास व्याज झालं असतं आणि पोत आज कपाटात असती. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये सोनं-चांदी तारणाचे नवे नियम काढले, १ एप्रिल २०२६ पासून सर्वांना लागू. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. वजन आणि कस तुमच्या समोर व्हायला हवा. कर्ज फेडल्यावर सात कामाच्या दिवसांत दागिना परत मिळाला नाही आणि चूक त्यांची असेल, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई त्यांनी द्यायची. हे नियम बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांना आहेत. सावकाराला लागू होतो तो महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा. त्याच्याकडे परवाना असावा लागतो, पावती द्यावी लागते, आणि सरकारनं ठरवून दिलेला व्याजदर शेकडा तीनपेक्षा फार खाली आहे.

कुठंही ठेवा, पावती वाचून घ्या. तिच्यावर एकूण वजन, मण्या-खड्यांची वजावट, निव्वळ सोन्याचं वजन, कॅरेट, त्या दिवशीचा भाव आणि व्याज महिन्याचं की वर्षाचं, हे सगळं लिहिलेलं हवं. आईच्या पोतीची चिठ्ठी अजून घरात आहे, वहीच्या फाडलेल्या पानाची. तिच्यावर निळ्या शाईनं लिहिलं आहे: पोत १, रु. ३०,०००.